खनिजांचे अवरक्त वर्णपट: संदर्भ निवडण्याआधी मोजणीची पद्धत पाहा

एफटीआयआर (अवरक्त वर्णपट घेणारे) यंत्र कसे चालते आणि तरंगांक (एका सेंटीमीटरमध्ये मावणाऱ्या तरंगांची संख्या) म्हणजे काय, हे तुम्हाला शिकवले गेले असेलच. परंतु आपल्या नमुन्याचा वर्णपट हाती आल्यावर त्याची तुलना नेमकी कशाशी करायची, हे मला पदव्युत्तर अभ्यासक्रमात कोणीही सांगितले नव्हते, आणि दख्खनच्या बेसॉल्टमधील झिओलाइटांवर (रचनेत पाणी असलेल्या सिलिकेट खनिजांवर) काम करताना या एका प्रश्नाने किती मनस्ताप दिला, ते मी अजून विसरलेलो नाही.

सुरुवात ॲरिझोना विद्यापीठाच्या आरआरयूएफएफ (RRUFF) या खनिज-वर्णपट संग्रहापासून करावी. तो विनामूल्य आहे, आणि त्याचे खरे मोल असे की, अनेक नमुन्यांच्या बाबतीत त्याच नमुन्याचे क्ष-किरण विवर्तन (स्फटिकरचनेवरून खनिज ओळखण्याची पद्धत) आणि रासायनिक विश्लेषणही तेथे मिळते, त्यामुळे नावाची खात्री करता येते. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या वर्णपट संग्रहाची सातवी आवृत्ती २०१७ मध्ये आली, आणि जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या जुन्या ‘ॲस्टर’ संग्रहाचा विस्तार आता ‘इकोस्ट्रेस’ या नावाने उपलब्ध आहे. रंगद्रव्ये, राळ, गोंद अशा वारसा-संवर्धनातील पदार्थांसाठी ‘आयरग’ (IRUG) या अवरक्त व रामन वर्णपट वापरणाऱ्यांच्या गटाचा संग्रह पाहावा. जपानचा एसडीबीएस संग्रह सेंद्रिय संयुगांसाठी उत्तम आहे, पण खनिजांसाठी तेथे वेळ घालवू नका. छापील ग्रंथांत फार्मर यांनी संपादित केलेला १९७४ चा ग्रंथ ग्रंथालयात असेल तर अवश्य वाचा, कारण वर्णपटातील पट्टे (प्रकाश जेथे शोषला जातो ते भाग) कुठून येतात हे त्यातून कळते.

आता ज्या ठिकाणी मी दीर्घकाळ अडकून पडलो, त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. ‘कॅल्साइटचा अवरक्त वर्णपट’ अशी एकच वस्तू अस्तित्वात नसते. केबीआरच्या (पोटॅशियम ब्रोमाइडच्या) चकतीतून प्रकाश आरपार नेऊन घेतलेला, हिऱ्याच्या एटीआरवर (ज्यात नमुना स्फटिकावर दाबून प्रकाश स्फटिकातूनच नेतात) घेतलेला आणि पृष्ठभागावरून परावर्तित प्रकाशाचा, असे एकाच भुकटीचे तीन वर्णपट तीन वेगळी रूपे दाखवतात. केबीआरमध्ये कॅल्साइटचा रुंद कार्बोनेट पट्टा १४२० ते १४३० प्रति सेंमीच्या आसपास येतो. एटीआरवर तोच पट्टा स्पष्टपणे कमी तरंगांकाकडे सरकतो, कारण तीव्र शोषणाच्या जागी पदार्थाचा अपवर्तनांक झपाट्याने बदलतो आणि एटीआरची मोजणी त्या अपवर्तनांकावरही अवलंबून असते. ८७५ आणि ७१२ जवळचे अरुंद पट्टे मात्र जवळजवळ जागच्या जागी राहतात. शिवाय एटीआरमध्ये प्रकाश किती खोल शिरतो हे तरंगलांबीबरोबर वाढते, त्यामुळे कमी तरंगांकाचे पट्टे तुलनेने ठळक होतात. सॉफ्टवेअरमधील साधी एटीआर दुरुस्ती केवळ ही तीव्रता सुधारते, सरकलेला पट्टा मागे आणत नाही. त्यासाठी अपवर्तनांक लक्षात घेणारी दुरुस्ती लागते. म्हणून ॲरागोनाइट (कॅल्साइटसारखेच कॅल्शियम कार्बोनेट, पण वेगळ्या स्फटिकरचनेचे) की कॅल्साइट हे रुंद पट्ट्यावरून कधीही ठरवू नका. ॲरागोनाइटचा ८५७ जवळचा पट्टा आणि ७१२ व ७०० ची जोडी शोधा.

परावर्तनाचे संग्रह तर मुख्यतः दूरसंवेदनासाठी उभे राहिले आहेत. त्यांत आडवा अक्ष बहुधा मायक्रोमीटरमध्ये असतो (१०,००० ला त्या संख्येने भागले की तरंगांक मिळतो), मूलभूत कंपनांचे तीव्र पट्टे शिखरांसारखे दिसतात, आणि कणांचा आकार बदलला की संपूर्ण रूप बदलते. तेव्हा वर्णपट उतरवून घेण्याआधी त्याच्यासोबतची माहिती वाचा: पद्धत, एटीआरचा स्फटिक, कणांचा आकार, नमुन्याचे स्थान. ही माहिती नसलेला वर्णपट मी संदर्भ म्हणून वापरत नाही, आणि तुम्हीही वापरू नये.

झिओलाइटांत आणखी एक अडचण आहे. केबीआर हवेतील ओलावा शोषून घेतो आणि ३४४० व १६३० च्या आसपास पाण्याचे पट्टे देतो. स्टिल्बाइट किंवा ह्यूलँडाइट या झिओलाइटांमधील पाणीही तेथेच दिसते. चकती वाळवली नसेल तर त्या पट्ट्यांवरून जलांशाविषयी काहीही लिहू नका.

सॉफ्टवेअर जुळणीची टक्केवारी दाखवते आणि काही मार्गदर्शक तेवढ्यावरच समाधान मानतात. माझे स्पष्ट मत आहे की ही टक्केवारी शोधाची सुरुवात आहे, पुरावा नव्हे. संग्रहात तुमचे खनिजच नसेल तरीही ती कोणते तरी नाव सर्वांत वर ठेवतेच. याउलट, यंत्र रोज हाताळणाऱ्या तंत्रज्ञाशी शांतपणे बोला. २३५० जवळचा पट्टा खोलीतील कार्बन डायऑक्साइडचा आहे, अशा गोष्टी मला त्यांच्याकडूनच समजल्या.

घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही. विभागाच्या संग्रहालयातून खात्रीने ओळखलेले क्वार्ट्झ, कॅल्साइट, जिप्सम आणि केओलिनाइट मागून घ्या आणि आपल्याच यंत्रावर, आपल्याच पद्धतीने त्यांचे वर्णपट घ्या. क्वार्ट्झची ७९८ व ७७९ ची जोडी आणि केओलिनाइटचे ३६९५ ते ३६२० मधील चार पट्टे एकदा स्वतः पाहिले की बाहेरचा संदर्भ किती सरकलेला आहे याचा अंदाज येऊ लागतो. झिओलाइटांचे सिलिकेट पट्टे परस्परांशी इतके मिळतेजुळते असतात की प्रजातीचे नाव देण्यापूर्वी क्ष-किरण विवर्तन करून घ्यावे, आणि त्यासाठीचा अर्ज प्रकल्पाच्या पहिल्याच महिन्यात द्यावा.