साडेचारशे किलो पेलणारा लाकडी स्टँड: चार फुटी फिशटँकसाठी तो घरी कसा बनवावा

चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच. दुकानात रिकामी टाकी पाहताना हे आकडे साधे वाटतात. पण ती १२ घनफूट जागा आहे आणि एका घनफुटात २८ लिटरहून थोडं जास्त पाणी मावतं. म्हणजे पाणीच ३४० किलोंच्या आसपास झालं. १२ मिलिमीटर काचेची टाकी जवळपास ७५ ते ८० किलोंची असते, तळाची दोन इंच वाळू ओली झाल्यावर पन्नासेक किलो भरते आणि वर दगड असतात ते वेगळे. टाकी काठोकाठ भरली नाही तरी साडेचारशे किलो धरूनच चालायचं. हे वजन दिवसरात्र, वर्षानुवर्षं एकाच जागी उभं राहणार असतं.

माझ्या पहिल्या तीन फुटी टाकीचा स्टँड दिसायला दणकट होता. पण वरची चौकट मी चार पायांच्या मध्ये स्क्रूने पकडली होती, पायांच्या डोक्यावर ठेवली नव्हती. दुसऱ्या पावसाळ्यात मागचा एक सांधा सूतभर (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) खाली सरकला आणि एका पहाटे टाकीच्या कोपऱ्यातून पाणी झिरपताना दिसलं. मासे बादल्यांत हलवले, ते वाचले. टाकी मात्र गेली. तेव्हापासून मी एकच नियम पाळतो: वजन लाकडावरून लाकडावर आणि तिथून सरळ जमिनीवर उतरलं पाहिजे. स्क्रूचं काम तुकडे जागेवर धरून ठेवण्याचं, वजन झेलण्याचं नाही. पुढचं सगळं याच नियमावर बेतलेलं आहे.

आधी जागा

भारतीय मानकांनुसार घराच्या खोलीच्या स्लॅबवर चौरस मीटरला साधारण २०० किलो वापराचा भार धरतात. आपली टाकी अर्ध्या चौरस मीटरच्या थोड्या वर जागेत त्याच्या कितीतरी पट वजन टाकते. म्हणून ती खोलीच्या मधोमध नको. खाली बीम असलेल्या भिंतीला लागून, शक्यतो कॉलमच्या जवळ ठेवा. इमारत जुनी असेल किंवा टाकी याहून मोठी असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. पुण्याच्या पेठांमधल्या जुन्या वाड्यात, लाकडी तुळयांच्या वरच्या मजल्यावर असली टाकी मी तरी कधीच ठेवणार नाही.

लाकूड आणि प्लाय

पुण्यात लाकडासाठी भवानी पेठेतलं टिंबर मार्केट गाठावं. स्क्रू, क्लॅम्प, पाणसळ (स्पिरिट लेव्हल) अशा वस्तू रविवार पेठेत बोहरी आळीत एका फेरीत मिळतात. सागवान परवडत असेल तर डोळे झाकून तेच घ्या. पाडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान मिळालं तर उत्तमच, कारण ते पुरतं सुकलेलं असतं आणि आता पिळण्याची भीती नसते. फक्त त्यातले जुने खिळे शोधून काढा, नाहीतर करवतीचं पातं जाईल. पाइन घ्यायचं असेल तर खाली दिलेल्या ३ बाय २ ऐवजी ४ बाय २ घ्या आणि पायांची उंची त्या हिशेबाने कमी करा. प्रत्येक तुकडा डोळ्यासमोर आडवा धरून त्याच्या लांबीवरून नजर टाका. बाक, पीळ किंवा आरपार गाठ दिसली तर तो तुकडा परत करा.

३ बाय २ इंचाचं साधारण ४० फूट लाकूड लागेल. रंधा मारल्यावर ते सूत-दोन सूत कमी भरतं, त्यामुळे मापं नेहमी रंधा झाल्यावरच पक्की करा. लाकूड घरी आणल्यावर निदान दोन आठवडे खाली पट्ट्या देऊन आडवं ठेवा आणि घरच्या हवेत मुरू द्या. काम दिवाळीनंतर काढलेलं बरं. जुलैत लाकूड फुगलेलं असतं आणि दमट हवेत पॉलिश पांढरट पडतं.

प्लाय आयएस ७१० शिक्क्याचाच, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन घ्या. १८ मिलिमीटरचा ६ बाय ३ फुटांचा एक आणि १२ मिलिमीटरचा ८ बाय ४ चा एक, एवढे पुरतात. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ या कामात नकोतच. एकदा पाणी प्यायले की ते फुगतात आणि मग सावरता येत नाहीत.

कापणी

टाकी आधी प्रत्यक्ष मोजा. सिलिकॉनने जोडलेल्या टाक्यांच्या मापात दोन-तीन सुतांचा फरक सहज असतो. टाकी बरोबर ४८ बाय १८ इंच भरली असं धरून आणि स्टँडची उंची ३० इंच ठेवून हिशेब असा: ४८ इंचाचे चार लांब तुकडे, १४ इंचाचे सहा आडवे आणि सव्वातेवीस इंचाचे सहा पाय. खालची चौकट ३ इंच, पाय सव्वातेवीस, वरची चौकट ३ आणि वरचा प्लाय पाऊण, असे ३० इंच होतात.

सहाही पाय तंतोतंत सारखे हवेत. एक पाय मापून कापा आणि बाकी पाचांवर खूण त्या पहिल्या पायावरूनच करा. दुसऱ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून चौथा असं केलं की करवतीच्या जाडीची चूक साठत जाते. कापून झाल्यावर सहाही पाय सपाट फरशीवर शेजारी उभे करा आणि डोक्यांवरून बोट फिरवा. बोटाला पायरी लागली तर तिथे रंधा किंवा पॉलिश पेपर चालवा.

सहा पाय कशाला, चार कोपऱ्यांचे चार पुरे, असं बरेच जण म्हणतात. पण चार फुटांच्या अंतरावर मध्ये आधार नसेल तर ३ इंची सागवानी पट्टीसुद्धा या वजनाखाली मध्यावर दोनेक मिलिमीटर वाकते. लाकडाला त्याचं काही वाटत नाही, पण काचेला वाटतं. मध्ये पाय दिला की अंतर निम्मं होतं आणि बाक थेट सोळाव्या हिश्शावर येतो. समोरच्या मधल्या पायामुळे कपाटाचं दार मोठं करता येत नाही, हे खरं. दोन छोटी दारं करा.

चौकटी आणि पाय

लांब तुकडे ३ इंची बाजू उभी राहील असे धरा. दोन लांब तुकड्यांच्या मध्ये दोन्ही टोकांना एकेक आणि मधोमध एक, असे तीन आडवे तुकडे बसवा. प्रत्येक सांध्याला वॉटरप्रूफ फेविकॉल लावा. आधी बारीक भोक पाडा, डोकं आत बसेल एवढी खळी करा आणि मग ४ इंची स्टेनलेस स्टीलचे दोन स्क्रू मारा. भोक न पाडता स्क्रू मारला तर टोकाशी लाकूड उकलतं.

फेविकॉल ओला असतानाच कर्ण मोजा. ४८ बाय १८ च्या चौकटीचे दोन्ही कर्ण ५१ इंच २ सूत भरायला हवेत. फरक आला तर लांब कर्णाच्या कोपऱ्यांना क्लॅम्प लावून हळूहळू आवळा. गुण्या (सुताराचा काटकोन) लावून एक कोपरा तपासणं वेगळं आणि अख्खी चौकट काटकोनात असणं वेगळं. इथे कर्णावरच विश्वास ठेवा.

एक दिवस वाळू द्या. मग खालची चौकट सपाट जमिनीवर ठेवून सहा पाय तिच्यावर उभे करा: चार कोपऱ्यांत आणि दोन मध्ये, समोर व मागे. पायाची ३ इंची बाजू लांबीच्या दिशेने ठेवली की त्याचं पूर्ण बूड लांब तुकड्यावर टेकतं. फेविकॉल लावा आणि आतल्या बाजूने एकेक तिरका स्क्रू मारा. तो फक्त पाय हलू नये म्हणून आहे. मग वरची चौकट पायांच्या डोक्यावर ठेवा आणि तशीच जोडा. आता स्क्रू सगळे गळून पडले तरी वजन खाली उतरायची वाट मोकळीच राहील.

पाठ: हिला पर्याय नाही

या टप्प्यावर स्टँडला बाजूने ढकललं तर तो थोडा डुलतो. सरळ खालचं वजन तो आरामात घेईल, पण एखादं मूल त्याला धडकलं किंवा टाकीतलं पाणी हिंदकळलं, तर खरा धोका या डुलण्यातच आहे. ते थांबतं पाठीच्या प्लायने.

१२ मिलिमीटर प्लायमधून ४९ बाय सव्वाएकोणतीस इंचाची पाठ आणि १८ बाय सव्वाएकोणतीसच्या दोन बाजू कापा. उरलेल्या पट्टीतून समोरच्या तीन पायांसाठी ३ इंच रुंदीच्या, पूर्ण उंचीच्या पट्ट्या निघतात आणि दारांच्या वर-खालच्याही. प्रत्येक तुकडा वरची चौकट, पाय आणि खालची चौकट या तिघांना एकदम चिकटला पाहिजे. फेविकॉल सढळ हाताने पसरा आणि दर ६ इंचांवर दीड इंची स्क्रू मारा. पाइप आणि वायरींसाठीची भोकं पाठ लावण्याआधीच पाडून घ्या. ती गोल ठेवा आणि कडेपासून दूर, म्हणजे प्लायची ताकद टिकते. फेविकॉल वाळल्यावर स्टँड पुन्हा ढकलून बघा. फरक हाताला कळतो.

१८ मिलिमीटर प्लायचा ४९ बाय १९ चा तुकडा वर टाका. ४८ बाय १४ चा तळाला आडव्या तुकड्यांवर बसतो. त्याच्यावर फिल्टर राहतो.

पाण्यापासून बचाव

पाण्याची भीती वरूनच असते असं नाही. आपल्याकडे फरशी रोज ओल्या फडक्याने पुसली जाते आणि खालची चौकट ते पाणी रोज शोषते. म्हणून पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचे तीन हात द्या. प्रत्येक हातामध्ये बारीक पॉलिश पेपर फिरवा. खालच्या चौकटीचं बूड, प्लायच्या कडा आणि पाडलेली भोकं यांना एक हात जास्तच द्या. वास पूर्ण जाईपर्यंत, निदान आठवडाभर, मासे असलेल्या खोलीत स्टँड आणू नका.

बसवणं आणि भरणं

स्टँड जागेवर ठेवून वर पाणसळ लावा: लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर. फरशी खालीवर असेल तर कडक प्लास्टिकच्या पातळ चकत्या खालच्या चौकटीखाली, बरोबर पायांच्या रेषेत सरकवा. टाकी आणि स्टँड यांच्या मध्ये चकती कधीही घालू नका, कारण मग सगळं वजन काचेच्या एका ठिपक्यावर येतं. टाकीचा तळ उघड्या काचेचा असेल तर खाली १० ते १२ मिलिमीटरचा थर्मोकोल किंवा ईव्हीए फोम पूर्ण मापाचा अंथरा. त्यात वाळूचा खडा दबून जातो. तळाला प्लास्टिकची चौकट असलेल्या टाकीखाली मात्र फोम नको. तिथे वजन फक्त कडांवर येतं आणि फोम मध्ये फुगून काच वर ढकलतो.

विजेचा बोर्ड कपाटाच्या तळावर न ठेवता बाजूच्या भिंतीवर उंच लावा. प्रत्येक वायरला बोर्डाच्या खाली झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी तिथेच टपकतं आणि प्लगपर्यंत पोचत नाही.

टाकी आधी निम्मीच भरा आणि २४ तास थांबा. पाण्याची रेषा हीच सर्वांत खरी पाणसळ. चारही कोपऱ्यांत काचेच्या वरच्या कडेपासून पाण्यापर्यंतचं अंतर पट्टीने मोजून लिहून ठेवा. एक सुतापर्यंतचा फरक मी चालवून घेतो. त्याहून जास्त दिसला तर पाणी काढून चकत्या पुन्हा लावतो, अंदाजाने पुढे जात नाही. मग टाकी पूर्ण भरा आणि तेच चार आकडे पुन्हा घ्या. पहिला महिना दर रविवारी ते मोजा, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर एकदा.