झांबियातील मिशन केंद्रात कुटुंबासह राहायला जाताना

झांबियाच्या दक्षिण प्रांतात माचा आणि चिकांकाटा यांसारखी जुनी मिशन रुग्णालये आहेत. माचाचे मिशन केंद्र तर 1906 साली फ्रान्सिस डेव्हिडसन आणि अ‍ॅडा एंगल या दोन स्त्रियांनी सुरू केले. अशा ठिकाणी डॉक्टर, परिचारिका किंवा शिक्षक म्हणून मुलाबाळांसह जाणाऱ्या कुटुंबाने संसार कसा मांडावा आणि गावाच्या उपयोगी कसे पडावे, यासंबंधी काही सूचना येथे देत आहे.

जाण्याचा महिना निवडता येत असेल तर मे किंवा जून निवडावा. नोव्हेंबर ते एप्रिल हा तिकडचा पावसाळा असतो. त्यातही जानेवारी ते मार्च या काळात घराघरांतील मक्याच्या कणग्या रिकाम्या झालेल्या असतात, कच्चे रस्ते चिखलाने बंद पडतात आणि हिवतापाचे रुग्ण वाढतात. मे महिन्यात मका घरात आलेला असतो, हवा थंड व कोरडी असते आणि लोकांना नवख्या माणसाशी बोलायला सवड असते. भाषा शिकण्यासाठी हाच उत्तम काळ. सकाळी तिथल्या टोंगा लोकांच्या भाषेत ‘म्वाबुका बुटी?’ (कसे उठलात?) असे विचारून ‘काबोटु’ (छान) असे उत्तर ऐकल्याशिवाय कोणत्याही कामाचा विषय काढू नये. टोंगा माणसे अभिवादन करताना थोडे वाकून दोन्ही तळहात हलकेच वाजवतात. ती रीत मुलांनाही पहिल्याच आठवड्यात शिकवावी.

घरात पिण्याचे पाणी उकळून किंवा क्लोरीनचे द्रावण घालून झाकून ठेवावे. अंधार पडू लागताच मुलांना कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाणीत झोपवावे आणि कोणालाही ताप आला तर आपल्याच मनाने गोळ्या न देता त्याच दिवशी हिवतापाची तपासणी करून घ्यावी. वीज वारंवार जाते, म्हणून स्वयंपाकासाठी म्बाउला, म्हणजे लोणारी कोळशाची शेगडी, जवळ असावी. मात्र जून-जुलैच्या थंडीत ऊब मिळावी म्हणून ती पेटती शेगडी बंद खोलीत कधीही नेऊ नये, कारण तिच्या विषारी वायूने झोपेतच माणसे दगावतात.

जेवणात मक्याच्या पिठाची न्शिमा असते. आपल्या उकडीपेक्षा ती बरीच घट्ट असते. सोबत भोपळ्याच्या पानांची भाजी किंवा कापेंटा ही सुकी मासळी. जेवणाआधी यजमान तांब्याने पाहुण्यांच्या हातावर पाणी घालतात, मग उजव्या हाताने न्शिमाचा गोळा वळून कालवणात बुडवून खातात. हाताने जेवणाऱ्या मराठी कुटुंबाला हे अवघड जाऊ नये. आठवड्यातून निदान काही दिवस तरी हेच जेवण घरात करावे, कारण अवेळी आलेल्या पाहुण्याला वाढण्यासारखे काही घरात असणे तिथे फार महत्त्वाचे असते.

दिवसाचे वेळापत्रक जरूर आखावे, पण गावात मृत्यू झाला की ते बाजूला ठेवावे. शेजारी कामे थांबवून मृताच्या घरी जाऊन बसतात. आपणही पीठ किंवा सरपण घेऊन जावे आणि घाई न करता बसावे. माझ्या मते गावाशी नाते जोडण्यात अशा बसण्याचा वाटा कोणत्याही उपक्रमापेक्षा मोठा असतो.

नोकरीवर नसलेल्या जोडीदाराने सेवेचे काम कुठून सुरू करावे, असे विचारले तर मी प्रसूतीपूर्व निवाऱ्याचे नाव घेईन. दूरच्या वाड्यांतील गरोदर स्त्रिया दिवस भरण्याआधीच रुग्णालयाच्या आवारातील या निवाऱ्यात येऊन राहतात आणि आपला स्वयंपाक आपणच करतात. बाळासाठी नवे कपडे, दुपटे, साबण इतके सामान जमले नाही म्हणून लाजेने घरीच बाळंत होणाऱ्या स्त्रियाही असतात, आणि त्यातून जिवावर बेतते. म्हणून दुपारी तिथे शिवणयंत्र नेऊन बसावे, चितेंगे या तिथल्या छापील सुती कापडाची दुपटी व झबली त्या स्त्रियांकडूनच शिवून घ्यावीत आणि शिवता शिवता जुलाबावरील साखर-मिठाचे पाणी शिकवावे: एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचाच घ्यावा आणि मीठ कधीही जास्त घालू नये. कपडे आयते वाटण्यापेक्षा हे बरे, कारण शिवणाऱ्या बाईला ते आपल्या कष्टाचे वाटतात आणि ती आपल्या वाडीतील दुसरीलाही निवाऱ्यात घेऊन येते.

पाण्याच्या कामात अधिक सावध राहावे. झांबियात अनेक गावांत दिसणारा इंडिया मार्क टू हापसा मूळचा आपल्याकडचा आहे: बिडाचे पंप सतत मोडत म्हणून 1960 च्या दशकाच्या अखेरीस जालन्याच्या मिशनने पोलादी पंप घडवला, सोलापूरला त्यात सुधारणा झाली आणि 1970 च्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने त्यातून मार्क टू तयार झाला. त्याची दुखणी ओळखायला शिकावे. रात्रभर बंद राहिलेल्या हापशाला सकाळी बराच वेळ हापसल्यावरच पाणी येत असेल, तर तळचा व्हॉल्व्ह गळत असण्याची किंवा पाइपच्या जोडातून पाणी खाली उतरत असण्याची शक्यता असते. पाणी लगेच येऊनही धार बारीक असेल तर दट्ट्याचे वायसर झिजलेले असू शकतात. मार्क टूचे वायसर बदलायला सगळे पाइप वर ओढावे लागतात, त्यामुळे ते एकट्या-दुकट्याचे काम नव्हे.

हातात पाना असला तरी दुरुस्ती स्वतः करू नये. गावाच्या पाणी समितीला सांगून त्या भागासाठी प्रशिक्षित केलेल्या पंप मिस्त्रीला बोलवावे, त्याची मजुरी समितीच्या वर्गणीतून द्यावी, वर्गणी कमी पडली तरच उरलेली रक्कम मिशनने भरावी आणि तीही समितीच्या वहीत नोंदवून. यात दोन-तीन दिवस जास्त जातील, तेवढे दिवस मिशनच्या नळावर गावाला पाणी भरू द्यावे. रोज पाणी भरणाऱ्या बायका समितीत नसतील तर गावप्रमुखांशी बोलून त्यांना घ्यायला लावावे. धार बारीक झाल्याचे सर्वांत आधी त्यांच्याच लक्षात येते. सुट्टीवर मायदेशी निघताना पाने, पाइप धरायचे क्लँप आणि वायसरांचा साठा खजिनदाराच्या घरी ठेवून त्याची यादी वहीत लिहून द्यावी.