चाळीची मतदारयादी तपासताना

हातात ओळखपत्र असूनही यादीत नाव नसलेला मतदार मुंबईत प्रत्येक निवडणुकीत केंद्राबाहेर उभा दिसतो. त्या दिवशी त्याच्यासाठी कोणालाही काही करता येत नाही, कारण मतदान होते ते यादीतील नावावर. शिवाय उमेदवारी अर्जांची मुदत उलटली की निवडणूक पार पडेपर्यंत विधानसभेच्या यादीत नवे नाव घालता येत नाही. म्हणून वस्तीत लोकशाहीसाठी गट बांधणाऱ्यांनी मोर्चाच्या आधी यादी हाती घ्यावी, आणि तीही निवडणूक लांब असताना.

शहर आणि उपनगर मिळून मुंबईत विधानसभेचे 36 मतदारसंघ आहेत आणि प्रत्येकाची यादी लहान भागांत विभागलेली असते. एका गटाने एकच भाग घ्यावा. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून तो उतरवून छापावा आणि दोघादोघांनी, शक्यतो एका बाईसह, रविवारी सकाळी खोली क्रमांकाप्रमाणे फिरावे. प्रत्येक नावापुढे राहतात, गेले किंवा वारले एवढीच खूण करावी. मत कोणाला देणार हे विचारू नये. एकदा विचारलेत की पुढच्या मजल्यावरची दारे उघडत नाहीत.

खरे काम पुनर्विकासाच्या इमारतींत असते. चाळ पाडली की भाडेकरू संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या घरात पांगतात, पडताळणीला आलेल्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला, म्हणजे बीएलओला, पत्र्याचे कुंपण तेवढे दिसते, आणि नावापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा पडू शकतो. अशा ठिकाणी यादीपेक्षा चाळ कमिटीची वही उपयोगी पडते, कारण कोण कुठे गेले आणि कोणाचा फोन बदलला हे तिच्यातच सापडते. जो जिथे प्रत्यक्ष राहतो तिथे त्याची नोंद नमुना 8 भरून हलवावी; माहेरच्या पत्त्यावर नाव राहिलेल्या सुनांसाठीही हाच नमुना आहे. भाडेकरूचे नाव लागले तर तो खोलीवर हक्क सांगेल, अशी भीती घरमालकाला असते. यादीतील नावाने मालकी ठरत नाही आणि कायदा मालकी नव्हे तर सर्वसाधारण वास्तव्य पाहतो, हे त्याला शांतपणे, गरज पडल्यास दोनदा, सांगावे.

नव्या नोंदणीसाठी नमुना 6 आहे. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर यांच्या 1 तारखेला वयाची 18 वर्षे पूर्ण होणे त्यासाठी पुरते.

नाव वगळण्याच्या अर्जांवर, म्हणजे नमुना 7 वर, मात्र बारीक लक्ष ठेवावे. एकाच इमारतीविरुद्ध असे बरेच अर्ज आल्याचे कळले तर ज्यांची नावे त्यात आहेत त्यांना त्याच दिवशी गाठावे. स्थलांतराच्या कारणावरून नाव काढण्यापूर्वी म्हणणे मांडण्याची संधी देणे नोंदणी अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. आदेश विरोधात गेला तर 15 दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि तिथेही दाद न मिळाल्यास 30 दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे अपील करता येते. प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी. पोच नसेल तर अपिलाच्या वेळी तोंडी सांगण्याला फारसे वजन राहत नाही.

महापालिकेसाठी वेगळी यादी तयार होत नाही. विधानसभेचीच यादी 227 प्रभागांत वाटली जाते. या वाटपात रस्त्याच्या एका बाजूची इमारत शेजारच्या प्रभागात जाऊ शकते. प्रारूप यादीवर हरकतींसाठी मोजकेच दिवस मिळतात आणि त्या टप्प्यावर नवी नावे घालता येत नाहीत, प्रभागाची किंवा लेखनिकाची चूक आणि विधानसभेच्या यादीत असूनही प्रभागाच्या यादीतून गळलेले नाव एवढेच दुरुस्त होते. त्यामुळे आपल्या भागाची खुणा केलेली प्रत तोपर्यंत जपून ठेवावी आणि प्रारूप प्रसिद्ध होईल त्याच संध्याकाळी दोन्ही कागद शेजारी ठेवून बसावे.