घरातली रोजची उपासना कशी करावी

रविवारी चर्चला जायचं, गीतं गायची, उपदेश ऐकायचा आणि सोमवारपासून देवाचं नाव फक्त जेवणाआधी घ्यायचं, असं पुष्कळ ख्रिस्ती घरांत होतं. उपासनेने शांती मिळते, विश्वास वाढतो, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण आठवड्यातला एक तास त्याला पुरत नाही. घरात रोज उपासना व्हायला हवी, आणि ती वीस मिनिटांत होते.

आधी वेळ ठरवा. रात्रीच्या जेवणाच्या आधी बसावं, कारण जेवणानंतर मुलं पेंगतात आणि मोठ्यांचंही लक्ष उडतं. टीव्ही बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत. पाहुणे आले असतील तर त्यांनाही सोबत बसवा. एकटे राहत असाल तरी शास्त्र, म्हणजे बायबल, मोठ्याने वाचा आणि प्रार्थनाही मोठ्याने करा. मनातल्या मनात केलेली प्रार्थना दिवसभराच्या विचारांत कधी मिसळून जाते, ते कळतही नाही.

सुरुवात गीताने करा. सूर लागत नाही म्हणून कुणी गप्प बसू नये. मराठी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्तभक्ती अभंगांत आणि ओव्यांत आणली, त्यामुळे आपल्याकडे गाण्यांची वाण नाही. पेटी नसली तर टाळ्या आहेतच. स्तुती आधी आणि मागणं नंतर, हा क्रम मात्र मोडू नका. गरजेपासून सुरुवात केली की मन तिच्याभोवतीच फिरत राहतं. देव कोण आहे इथून सुरुवात केली की तीच गरज त्याच्यासमोर ठेवता येते. बायबलमध्ये फिलिप्पै गावच्या तुरुंगात ख्रिस्ताचे प्रचारक पौल आणि सीला फटके खाऊन, पाय खोड्यात अडकलेले असताना मध्यरात्री स्तुतिगीतं गात होते. पुढे याच गावच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांना, पौलाने कैदेतूनच पत्र लिहिलं: चिंता करत बसू नका, आभार मानून मागा, म्हणजे देवाची शांती तुमची मनं राखील. त्या मंडळीला त्याचे शब्द पोकळ वाटले नसतील.

मग स्तोत्र वाचा. स्तोत्रसंहितेत, म्हणजे बायबलमधल्या स्तोत्रांच्या पुस्तकात, १५० स्तोत्रं आहेत. रोज एक घेतलं तर साधारण पाच महिन्यांत ती पूर्ण होतात. ११९वं मात्र १७६ वचनांचं आहे, ते आठ-दहा दिवसांत वाटून घ्या. एकाने एक वचन वाचावं, दुसऱ्याने पुढचं. १३६व्या स्तोत्रात ‘कारण त्याची दया सनातन आहे’ हे पालुपद प्रत्येक वचनात येतं. ते लहान मुलांना द्या, दोन वचनांतच त्यांना पाठ होतं.

विलापाची स्तोत्रं गाळू नका. २३वं आणि १०३वं सगळ्यांना आवडतं, पण १३वं क्वचितच कुणी मोठ्याने वाचतं. ते अवघ्या सहा वचनांचं आहे. पहिल्या दोन वचनांत दावीद देवाला चार वेळा विचारतो, कुठवर? कुठवर मला विसरणार, कुठवर तोंड लपवणार? मग तो मदत मागतो आणि शेवटी गातो. परिस्थिती बदलल्याचा उल्लेख मधे कुठेच नाही. ८८वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. घरात आजारपण असेल, नोकरी गेली असेल, तेव्हा आनंदाचं सोंग आणायला देव सांगत नाही. तक्रारही त्याच्यापुढेच मांडायची असते, आणि ती मांडणाऱ्याचं त्याच्याशी नातं तुटत नाही. माझ्या मते उपासनेचा सगळ्यात मोठा आध्यात्मिक लाभ हाच आहे.

स्तोत्रानंतर दोन मिनिटं शांत बसून पापांगीकार करा, म्हणजे आपल्या चुका देवापुढे कबूल करा. घरातच भांडण झालं असेल तर ते इथेच मिटवा. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी समेट कर, असं येशू स्वतः म्हणतो. आईवडिलांनीही मुलांची क्षमा मागावी. मुलांना क्षमा म्हणजे काय ते उपदेशापेक्षा इथे लवकर कळतं.

मग मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठी करायची प्रार्थना. एक वही ठेवा: डावीकडे तारीख, नाव आणि विनंती, उजवीकडची जागा कोरी. उत्तर मिळालं की तिथे लिहा. शेजाऱ्यांचं, मंडळीतल्या आजाऱ्यांचं, ज्यांच्याशी आपलं पटत नाही त्यांचंही नाव वहीत असू द्या. महिन्याच्या शेवटच्या दिवशी उजवी बाजू मोठ्याने वाचून उपकारस्तुती करा.

शेवटी सगळ्यांनी मिळून येशूने शिष्यांना शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणावी आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यावा. प्रवास, परीक्षा, दुखणी, यांत काही दिवस हुकतील. हुकलेल्या स्तोत्रांची भरपाई करत बसू नका. पुन्हा बसाल तेव्हा जिथे थांबला होतात तिथूनच पुढे वाचा.