घरातला अलार्म उगाच वाजतोय? या चुका टाळा

सोसायटीत एकाच फ्लॅटचा भोंगा दोन-तीनदा उगाच वाजला की पुढच्या वेळी शेजारी दार उघडून बघत नाहीत, वॉचमनही खुर्चीतून उठत नाही. खरा चोर शिरतो तेव्हा अलार्म वाजूनही उपयोग होत नाही. म्हणून खोटा अलार्म ही किरकोळ कटकट समजू नका.

सर्वांत मोठी चूक सेन्सरच्या जागेची. हालचाल टिपणारा पीआयआर सेन्सर चित्र बघत नाही, समोरच्या उष्णतेतला बदल ओळखतो. पश्चिमेच्या खिडकीसमोर लावला तर एप्रिलच्या दुपारचं ऊन आणि हलणारा पडदा मिळून त्याला फसवतात. एसीच्या झोतासमोर तेच. सेन्सरच्या भिंगावर किडा बसला किंवा पाल फिरली तरी भोंगा वाजू शकतो, म्हणून ते भिंग महिन्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसा. सेन्सर साधारण सात-आठ फुटांवर, कोपऱ्यात, खिडकीकडे पाठ करून लावा. घरात मांजर-कुत्रा असेल तर पाळीव प्राण्यांना चालणारा सेन्सरच घ्या. कबुतरं येतात त्या बाल्कनीत आतल्या खोलीचा सेन्सर लावू नका.

पावसाळ्यात लाकडी दारं फुगतात, हे पेठांतल्या जुन्या घरांत राहणाऱ्यांना सांगायला नको. दार नीट बसत नाही, दारावरच्या सेन्सरचं चुंबक आणि चौकटीवरचा त्याचा जोडीदार यांच्यात फट पडते आणि पॅनेलला, म्हणजे अलार्मच्या मुख्य पेटीला, दार उघडं वाटतं. पहिल्या मोठ्या पावसानंतर ही फट तपासा.

दुकानदारांसाठी गणेशोत्सव हा कसोटीचा काळ. शटरवरचा कंपन सेन्सर ढोल-ताशाच्या दणक्यानेही जागा होतो. मग वैतागून बरेच जण दहा दिवस यंत्रणाच बंद ठेवतात, आणि गर्दीच्या दिवसांत दुकान उघडं पडतं. त्याऐवजी उत्सवाआधी तंत्रज्ञाकडून संवेदनशीलता कमी करून घ्या.

वीज गेली-आली की अलार्म वाजत असेल तर बहुधा बॅटरी संपत आली आहे. पॅनेलमधली १२ व्होल्टची बॅटरी तीन-चार वर्षांत थकते. टिकटिक बंद व्हावी म्हणून तिची वायर काढू नका, बॅटरी बदला.

उरलेल्या चुका माणसांच्या. कामाच्या मावशींना, गावाहून आलेल्या आई-वडिलांना कोड सांगितलेलाच नसतो. प्रत्येकाला वेगळा कोड द्या, आत शिरल्यावर तो दाबायला पुरेसा वेळ ठेवा आणि एकदा समोर उभं राहून दाबायला लावा.

अमेरिकेतल्या अनेक शहरांत अलार्मसाठी परवाना काढावा लागतो आणि वारंवार खोट्या अलार्मला दंड होतो. सॉल्ट लेक सिटीत तर २००० पासून, आधी कुणीतरी खात्री केल्याशिवाय साध्या घरफोडीच्या अलार्मवर पोलीस धावत नाहीत. आपल्याकडे हे काम सोसायटीने नोंदवहीतून करावं असं मला मनापासून वाटतं: फ्लॅट क्रमांक, दोन फोन नंबर, किल्ली कुणाकडे, एवढं सेक्रेटरी आणि वॉचमनकडे असू द्या. भोंगा पाच मिनिटांत आपोआप थांबेल अशी सेटिंगही करून घ्या.

अलार्म वाजला की आधी कॅमेऱ्यात बघा, शेजाऱ्यांना फोन करा. कुलूप तुटलेलं किंवा आत कुणी दिसलं तर एकट्याने आत न जाता थेट ११२ वर फोन करा.