एआयने डोळे तपासताय? या चुका टाळा

नेत्रतपासणी शिबिरात डोळ्याच्या पडद्याचा फोटो वाचणाऱ्या एआयचा रिपोर्ट हिरवा आला की नवखा ऑपरेटर सांगून मोकळा होतो, "काकू, डोळे एकदम ठीक आहेत." माझा सगळ्यात जास्त राग या वाक्यावर आहे. मधुमेहामुळे पडद्यावर झालेला बिघाड दिसला नाही, एवढंच मशीनने सांगितलेलं असतं. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणारी संस्था) २०१८ मध्ये आयडीएक्स-डीआर या एआय यंत्रणेला मंजुरी दिली, तीसुद्धा फक्त डायबेटिक रेटिनोपॅथीसाठी, म्हणजे याच बिघाडासाठी. काचबिंदू शोधणं त्या यंत्रणेचं कामच नव्हतं.

एका शिबिरात साठीच्या काकूंचा रिपोर्ट असाच आला, 'रेटिनोपॅथी नाही'. त्या चपला घालून निघाल्याही होत्या. मी फोटो मोठा करून पाहिला, तर उजव्या डोळ्यात नसेच्या चकतीतला (डोळ्याची नस पडद्यावर जिथे दिसते तो गोल भाग) खळगा खालच्या कडेला टेकलेला, म्हणजे काचबिंदूची शंका. त्यांना थांबवून डोळ्याचं प्रेशर घेतलं: ३२, म्हणजे बरंच जास्त. पुढे फील्ड टेस्टमध्ये (नजरेचा आवाका मोजणारी तपासणी) नजरेचा वरचा भाग बराच गेलेला निघाला. पुढच्या वर्षीच्या शिबिरापर्यंत त्या नसेचं काय उरलं असतं? म्हणून रिपोर्ट उघडण्याआधी मी स्वतः चकती पाहते. कड सगळीकडून गुलाबी आहे का, खळगा दोन्ही डोळ्यांत सारखा आहे का, बस.

दुसरी चूक घाईची. ट्यूबलाइट चालू, बाहुली बारीक, आणि फोटो काळा आला की लगेच दुसरा फ्लॅश. फ्लॅशने बाहुली आणखी आकसते! खोलीत अंधार करा, लेन्स पुसा, पेशंटला पाच मिनिटं शांत बसू द्या. थायलंडच्या आरोग्य केंद्रांत गूगलच्या यंत्रणेने पाचातल्या एकाहून जास्त फोटो नाकारले, त्यात खोलीतल्या उजेडाचा मोठा वाटा होता. आणि 'फोटो वाचता येत नाही' म्हणजे नॉर्मल नव्हे. अशा पेशंटला डॉक्टरकडे पाठवायचंच, बऱ्याचदा मागे मोतीबिंदू असतो.

डावा-उजवा डोळा फोटो काढतानाच नोंदवा, नंतर आठवून नको.

डोकेदुखी, क्षणभर अंधारी, एकाचे दोन दिसणं अशी तक्रार असेल तर रिपोर्ट काहीही असो, त्याच दिवशी डॉक्टर. अशा तक्रारींमागे असू शकणारी डोळ्याच्या नसेची सूज ओळखणाऱ्या एआयचे २०२० मधले आकडे चांगले आहेत, पण ते फोटो थेंब घालून, बाहुली मोठी करून काढलेले होते. तुमच्या मोबाइलच्या फोटोला ते लावू नका.

मायनस आठचा नंबर असलेल्या डोळ्यात ओसीटी (पडद्याच्या थरांची जाडी मोजणारं स्कॅन) लाल दाखवतं म्हणून लगेच काचबिंदूचे थेंबही सुरू करू नका. मशीन ज्या निरोगी डोळ्यांच्या नोंदींशी तुलना करतं, त्यांत एवढ्या नंबरचे डोळे सहसा नसतातच.