सगळं बिघडत चाललंय असं वाटतं तेव्हा देवावर भरवसा कसा ठेवायचा

आधी बायबलमधल्या शास्ते या पुस्तकाचे अध्याय 6 आणि 7 वाचा, सलग, अर्ध्या तासात होतं. गिदोन नावाचा इस्राएली माणूस, देशावर धाडी घालणाऱ्या मिद्यानी लोकांच्या भीतीने द्राक्षकुंडात लपून गहू झोडत होता (आपल्या नाशिककरांना द्राक्षं कळतात, ती जागा गव्हाची नाहीच!) आणि अशा माणसाला देव शूर वीर म्हणतो.

मग सुरुवात घरातून. गिदोनाला लढाईच्या आधी बापाचीच बआल या परक्या दैवताची वेदी पाडायला लावली, तीपण त्याने रात्री पाडली कारण घाबरत होता, तरी देवाला चाललं. म्हणजे जग बिघडलंय म्हणून स्टेटस टाकण्याआधी आपलं खोटं बिल, मोबाईलवर लपून बघतो ते, भावाशी धरलेला अबोला, यातलं एक काहीतरी आजच सोडा.

आकडे बघू नका. गिदोनाच्या 32,000 सैनिकांपैकी 22,000 घरी गेले, शेवटी उरले 300, हातात शिंगं, मडकी, मशाली, तरी जिंकले. त्यामुळे शरणपूर रोडला प्रार्थनेला तिघंच आले तरी मीटिंग कॅन्सल करायची नाही, आणि न आलेल्यांना टोमणे तर अजिबात मारायचे नाहीत.